करतो, बघतो, येतो

मत्सर हा शब्द पुस्तकातला. आमच्या कोल्हापुरात 'पोटात दुखतंय' म्हणतात, आणि तेच बरोबर आहे, कारण त्या दिवशी माझ्या खरोखरच पोटात दुखायला लागलं.

पडद्यावर दोन ओळी होत्या. वरची माझ्या नवऱ्याची: 'निनाद आगटे. वजा केल्यास क्षेत्राची मोठी हानी. प्रतिभा अपवादात्मक.' खालची माझी: 'तेजस्विनी आगटे. वाटा अकरा टक्के. वजा केल्यास फरक नगण्य.'

नगण्य! इतकी वर्षं एकाच टेबलाशी, एकाच आंबट वासात काम केलं, आणि मला उचलून बाजूला ठेवलं तर म्हणे काही फरक पडत नाही. आमच्या फ्रीजचा दरवाजा काढून ठेवला असता तरी यापेक्षा जास्त फरक पडला असता.

निनादनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला आणि म्हणाले, "मी घरी जातो. डोकं दुखतंय." डोकं अजिबात दुखत नव्हतं.

वजाबाकी म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी असामान्य प्रतिभेच्या जोरावर परदेशात कामाचा परवाना मिळवायचा तर बक्षिसं, शिफारशी, वर्तमानपत्रातली कात्रणं जोडावी लागत. मग विकतची बक्षिसं निघाली, यंत्रांनी लिहिलेल्या शिफारशी निघाल्या आणि जो तो असामान्य झाला. तेव्हा उत्तर संघानं, म्हणजे वरच्या त्या थंड देशांनी मिळून जो संघ केलाय त्यानं, माणसाला मोजणंच सोडून दिलं. ते माणसाचं नसणं मोजायला लागले.

कल्पना तशी सोपी आहे. एखाद्या विषयातलं सगळं काम यंत्राला द्यायचं. शोधनिबंध तर द्यायचेच, शिवाय प्रयोगशाळेतलं रोजचं बोलणं, फसलेले प्रयत्न, भांडणंसुद्धा. यंत्र त्यातून जाळं विणतं. कुठली कल्पना कशातून निघाली, कुणाच्या एका वाक्यानं कोण कुठे वळला, हे सगळं त्यात येतं. मग त्या जाळ्यातून एक माणूस काढून घ्यायचा आणि तीच वर्षं पुन्हा चालवून बघायची, हजारो वेळा. तो नसताना शोध लागला का? किती उशिरा लागला? शोध लागलाच नाही, तर तो माणूस असामान्य. आरामात लागला, तर तो माणूस मी.

आणि आम्ही उत्तर संघाला का हवे होतो? तर दह्यासाठी. दूध नासतं तसं दही लावणारे जिवाणूही आजारी पडतात. फेज नावाचे विषाणू असतात, ते जिवाणूच्या अंगावरचं एक ठराविक दार ओळखतात, आत शिरतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. उत्तरेकडच्या चीजच्या कारखान्यांमध्ये अशा एका नव्या फेजनं धुमाकूळ घातला होता. टाक्यांच्या टाक्या दूध तसंच पातळ राहायचं. आनंदावर विरजण पडतं म्हणतात ना, यांच्या तर विरजणावरच विरजण पडलं होतं.

आम्हां दोघांकडे न मरणारं विरजण होतं. बाकी जगात प्रत्येक जात वेगळी, शुद्ध वाढवायची पद्धत होती. आम्ही दोन जाती एकाच भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरवल्या. एक दुसरीला खाऊ घालते, दुसरी पहिलीला. आयतं खायला मिळायला लागल्यावर पहिलीला ते दार उघडं ठेवायची गरजच उरत नाही. ती दार बदलते, आणि फेज बाहेर ताटकळत बसतो. हे ऐकायला आता सोपं वाटतं. आम्ही करेपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं.

'आम्ही' म्हणजे कोण, हाच सगळा घोळ होता.

परवाना एकालाच मिळणार होता. दुसऱ्यानं जायचं ते 'अवलंबित' म्हणून, आणि जैवसुरक्षेच्या नियमानं अवलंबितांना तिथल्या कुठल्याच जिवाणूंच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला बंदी. इथे राहावं म्हटलं तर आमची प्रयोगशाळा ज्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होती ती जागा विकली गेली होती. शिवाय त्या विरजणाचा खरा कस लागणार तो तिकडच्या टाक्यांमध्ये. म्हणजे माझ्या हातचं काम तिकडे निनाद करणार, आणि मी खिडकीत बसून त्याची वाट बघणार. आमचे परवाना-सल्लागार पिरजादेसाहेब माझी समजूत घालत होते. तिकडची घरं फार ऊबदार असतात, वहिनी, म्हणाले, आणि खिडकीतून बर्फ काय सुंदर दिसतो. मी म्हटलं, बर्फाच्या कारखान्यात आयुष्य गेलंय माझं, मला बर्फाचं कौतुक सांगू नका.

निनाद मूळचा पुण्याचा. शिकताना भेटला, माझ्यामागे कोल्हापूरला आला आणि इथलाच झाला, एक भाषा सोडून. माझ्या बोलण्याला त्याच्या घरात सगळेच हसायचे. आमच्या पेठेतल्या बायका 'मी आलो', 'मी करतो' असंच बोलतात. आई तशीच बोलते, आजीही तशीच बोलायची. लग्नानंतर निघताना मी 'जातो' म्हटलं की सासूबाई दोन चुका काढायच्या. एक, 'जातो' नव्हे, 'जाते'. दोन, घरातून निघताना 'जाते' म्हणूच नये, 'येते' म्हणावं. मग मी मुद्दाम दारातून ओरडायचे, "येतो हं, आई!" त्या कपाळाला हात लावायच्या.

निनादचा राग एकाच शब्दावर. मी विरजणाला इरजण म्हणते. ज्या गोष्टीवर पोट भरतंय तिचं नाव तरी नीट घे, असं तो म्हणायचा. "व लाव गं, व. विरजण." मी म्हणायचे, तुझ्या व नं दही लवकर लागतं काय? हे भांडण रोजचं होतं आणि मला ते फार आवडायचं. आवडायचं हे मला नंतर कळलं.

निकालानंतर आमच्या पेठेतल्या तालमीनं सत्कार ठेवला. निनादला कोल्हापुरी फेटा बांधला. तो फेट्यात नेहमी जरा वेंधळा दिसतो, पण त्या दिवशी नेमका रुबाबदार दिसत होता. त्याचाही मला राग आला. माझी ओटी भरली. सूत्रसंचालन करणारा पोरगा माईकवर म्हणाला की वहिनींच्या हातचं दही खाऊनच साहेबांना ही कल्पना सुचली असणार. सगळे हसले, निनादही हसला. मी हसले नाही, नारळ मांडीवर धरून बसून राहिले.

घरी आल्यावर त्यानं फेटा सोडून खुर्चीवर ठेवला, तर तो बघूनही माझा तिळपापड झाला. तो जेवला तरी राग, नाही जेवला तरी राग. त्याला तिकडच्या वार्ताहरांचे फोन यायचे. तो प्रत्येकाला सांगायचा की आम्ही दोघांनी मिळून केलंय, माझ्या बायकोशिवाय हे झालंच नसतं. आणि ते मला सगळ्यांत जास्त झोंबायचं. अरे, यंत्र सांगतंय की झालं असतं! तुला काय जातंय मोठेपणा करायला? ज्याचं पान वाढलेलं असतं तोच दुसऱ्याला आग्रह करतो.

एकदा तो म्हणाला, मी अर्ज मागे घेतो. आपण कुणीच जायला नको, इथेच कुठेतरी दुसरी जागा बघू. मी म्हटलं, मला तुझी भीक नको. निनाद भांडत नाही, हीच त्याची खोड आहे. तो गप्प बसतो आणि समोरच्याला आपणच वाईट आहोत असं वाटायला लागतं.

मला खरंच वाटायला लागलं होतं की यंत्र बरोबर असेल. भांडी धुताना मी एकेक दिवस आठवून बघायचे. फेजची चाचणी उलटी लावायची कल्पना माझी. म्हशीच्या दुधावर आधी करून बघायचं हेही माझंच. मग मनात यायचं, माझंच का? की त्यानं म्हटलं आणि मी मान हलवली? रोज एकत्र राहणाऱ्या माणसांच्या डोक्यात अशा खुणा कुठे ठेवलेल्या असतात? आपलं म्हणून काही उरलंय का, हेच कळेना.

कोडं उलगडलं ते आईमुळे, आणि तिला त्याचा अजून पत्ता नाही.

आई आणि पप्पांचा मिळून एकच टॅब आहे. आई त्याच्याशी बोलते, तो तिचं बोलणं लिहून आमच्या घरच्या गटात टाकतो आणि बोलणारा कोण ते ओळखून वर नाव लावतो. त्या सकाळी मी चपात्या लाटत होते आणि निनाद ओट्याला टेकून निरोप वाचत होता. वाचता वाचता तो एकदम हसायला लागला. निरोप होता, 'उद्या दुपारी येतो. येताना पांढरा रस्सा करून आणतो.' आणि वर नाव होतं पप्पांचं.

"पप्पा रस्सा करणार?" निनाद म्हणाला. "त्यांना गॅस कुठल्या बाजूनं पेटतो ते तरी माहीत आहे का?"

मीही हसले. पप्पांनी जन्मात कधी पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलेलं नाही. आणि हसता हसता माझं लाटणं थांबलं.

येतो. आणतो. म्हणजे बोलणारा पुरुष. टॅबला ओट्याशी कोण उभं असतं हे माहीत नाही, त्याला फक्त व्याकरण माहीत आहे.

आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर एक माईक टांगलेला होता. हातात मोजे असले की लिहिता येत नाही, म्हणून आम्ही बोलायचो आणि तो जसंच्या तसं लिहून घ्यायचा, एकही अक्षर न सुधारता. खाजगीपणाच्या कायद्यानं आवाज रोजच्या रोज पुसला जायचा, मजकूर तेवढा उरायचा. खातं आमचं दोघांचं एकच. नवरा-बायकोला दोन खाती कशाला, असं मीच म्हटलं होतं. म्हणजे वजाबाकीच्या यंत्रापुढे बिननावाची हजारो वाक्यं गेली होती, आणि एवढं माहीत होतं की बोलणारे दोघं आहेत, एक पुरुष आणि एक बाई. त्यानं काय केलं असेल? 'करतो' ते निनादचं. 'करते' ते माझं.

आणि मी आपणहून कधी 'करते' म्हटलेलं नव्हतं!

"निनाद," मी म्हटलं, "ते अकरा टक्के माझं कुठून आलं असेल माहितीय काय? सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हाचं असणार. तेवढेच दिवस मी नीट बोलत होतो."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्यानं मला पिठाच्या हातांसकट उचलून घेतलं. त्याला खरंच आनंद झाला होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. हा आनंद याला झाला, मला याच्या निकालाचा झाला नव्हता, ही बाजीही यानंच मारली.

पिरजादेसाहेबांना आधी पटेना. मग त्यांनी स्वतःच्या बायकोला फोन लावला, दोन मिनिटं तिचं 'करतो, येतो' ऐकलं आणि म्हणाले की वहिनी, तुमची केस पक्की आहे. हरकत घेतली. उत्तर संघानं चूक मान्य केली, अगदी सभ्य भाषेत, आणि फेरतपासणीचा नियम कळवला. वाक्य कुणाचं हे आता यंत्र ठरवणार नाही, आम्ही दोघं ठरवणार. दोघांना तीच वाक्यं वेगवेगळी दाखवली जातील. आपसात बोलायचं नाही. दोघांनी एकच नाव सांगितलं तर ते वाक्य त्याचं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर ते वाक्य बाद, कुणाचंच नाही. आणि पिरजादेसाहेबांनी बोट वर करून बजावलं की साक्ष एकदाच. नंतर बदललीत तर दोघांनाही कायमची बंदी.

निनाद बाहेरच्या खोलीत बसला, मी स्वयंपाकघरात. एकेक वाक्य पडद्यावर यायचं आणि मी 'माझं' किंवा 'त्याचं' म्हणायचे. सुरुवातीला फार मजा आली. 'म्हशीच्या दुधावर बघतो आधी', माझं. 'तो फेज लई चिवट दिसतोय', माझंच, दुसरं कोण लई म्हणणार! 'इरजण बिघडलं काय बघतो', माझं, माझं. आपल्याच हरवलेल्या वस्तू रस्त्यात एकामागून एक सापडाव्यात तसं वाटत होतं. आणि त्याची वाक्यं मी त्याला देत होते. अगदी प्रामाणिकपणे देत होते. 'हे तापमान अंमळ जास्त होतंय', त्याचं. 'मी नंतर मोजतो, आधी चहा', त्याचं. माझं मन मोठं झालं होतं, कारण माझी रास मोठी होत होती.

मग ते वाक्य आलं.

'दोन्ही विरजणं एकाच भांड्यात लावून बघतो.'

सगळा शोध या एका वाक्यात होता. बाकीची वाक्यं त्याच्या मागेपुढे करणारी. हे ज्याचं, तो अपवादात्मक. हे बाद झालं तर आम्ही दोघंही काठावरून खाली. मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. दोन वाट्या होत्या, फेज दोन्हीकडे जिंकला होता, आम्ही दोघंही वैतागलो होतो. कुणीतरी हे म्हणालं आणि कुणीतरी भांडं शोधायला उठलं. भांडं शोधायला मी उठले होते हे मला आठवतं.

आणि आठवायची गरजच नव्हती. वाक्यात 'विरजण' होतं. व लावून. स्वच्छ, पुणेरी व.

मी चहा ठेवला. चहा उकळून आटला. हे त्याचं म्हटलं तर परवाना त्याचाच राहतो, मी पुन्हा खिडकीत. माझं म्हटलं आणि तो त्याचं म्हणाला, तर वाक्य बाद, दोघंही घरी. तेही चालेल, असं माझ्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. मला नाही तर कुणालाच नाही. माझा मलाच धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. त्या फेट्यातला त्याचा चेहरा आठवला, मांडीवरचा नारळ आठवला, आणि मी म्हणाले, "माझं."

पुढची वाक्यं भराभर संपवली.

निकाल आला. 'तेजस्विनी आगटे. वजा केल्यास क्षेत्राची मोठी हानी. प्रतिभा अपवादात्मक.' खाली निनाद. त्याच्या पुढे तोच शब्द होता, नगण्य. म्हणजे ते वाक्य बाद झालं नव्हतं. म्हणजे त्यानंही माझंच नाव सांगितलं होतं.

निनादनं पेढे आणले. तो जिन्यात भेटेल त्याला सांगत होता की बायको असामान्य निघाली, आता मी तिकडे भाकऱ्या थापायला शिकणार. त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी एखादी आठी असेल म्हणून मी चोरून बघायचे. नव्हती. माझ्या पोटात इतके दिवस जे दुखत होतं ते त्याच्या पोटात दुखलंच नाही. आणि खरं सांगते, मला त्याचा पुन्हा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त.

आई-पप्पा पुन्हा रस्सा घेऊन आले त्या दिवशी उत्तर संघाकडून अभिनंदनाची चित्रफीत आली. प्रत्येक असामान्य माणसाच्या 'त्या क्षणाची' ते एक छोटी फिल्म करून पाठवतात. मुलाखतीतून तुमचा आवाज घेतात, तुमचा शोधाचा क्षण तुमच्याच तोंडून वदवतात. पिरजादेसाहेबही आले होते. आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो.

आमचं टेबल दिसलं. टांगलेला माईक दिसला. पांढऱ्या कोटातली मी दिसले, जरा बारीक केलेली. मी दोन वाट्यांकडे बघितलं आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्या आवाजात म्हणाले, "दोन्ही विरजणं एकाच भांड्यात लावून बघते."

त्यांनी बिचाऱ्यांनी तेवढं व्याकरण सुधारून घेतलं होतं. व तसाच होता.

"अगं बाई," आई कौतुकानं म्हणाली, "किती शुद्ध बोलाय लागलीस गं तेजू!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निनादनंही हात उचलले, पण ते मधेच थांबले. तो पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवून वाट्यांमध्ये रस्सा वाढायला लागले. त्या टाळ्यांमध्ये इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो माझ्या कानाशी म्हणाला, "व कधीपासून लागला तुला?"

पाहुणे गेल्यावर मीच विषय काढला. तू माझं नाव का सांगितलंस, विचारलं.

"मला वाटलं तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला. "मला त्या प्रयोगशाळेतलं जे जे आवडलं, ते सगळं तुझंच आहे असं वाटतं. वाचताना तो व माझ्या लक्षातसुद्धा आला नाही."

"माझ्या आला होता," मी म्हणाले.

मी साक्ष बदलते म्हटलं, तर तो म्हणाला की राहू दे, दोघांनाही बंदी करून काय मिळणार, त्या टाक्यांना तरी दही लागू दे. मग त्यानं उठून रश्श्याची पातेली घासून पालथी घातली. मला वाटलं, आता तरी हा ओरडेल. त्यानं माझं नाव घेऊन एक शिवी हासडली असती तर मी त्याचे पाय धरले असते. आमचे बापे ओरडतात आणि मोकळे होतात. याला ओरडायला कुणी शिकवलंच नाही.

त्यानंतर आमचं घर फार शांत झालं. तयारी चालली होती. मला सारख्या मुलाखती द्याव्या लागायच्या, त्यामुळे मी आता 'करते', 'बघते' असंच बोलते. हे सांगतानाही बघा, 'म्हणाले', 'हसले' असंच आलंय. पुन्हा कुठल्या यंत्रानं मला पुरुष समजायला नको. सासूबाईंना जे जमलं नाही ते या यंत्रानं करून दाखवलं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, निनाद, इरजण कुठल्या डब्यात ठेवलंयस? त्यानं डबा काढून दिला. व लाव म्हणाला नाही.

अवलंबिताचा परवाना त्याच्या नावानं आला. पण इथली प्रयोगशाळा रिकामी करून द्यायची होती, जागेच्या नव्या मालकाला किल्ल्या द्यायच्या होत्या, म्हणून मी पुढे जायचं आणि त्यानं मागून यायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी बोलले आणि त्यानं मान हलवली.

निघायच्या दिवशी सकाळी माझ्या बॅगा दारात लागल्या होत्या. मला विमानतळावर पप्पा सोडणार होते, कारण निनादला त्याच वेळी किल्ल्या द्यायला जायचं होतं. ती वेळ बदलता आली असती. मी बदल म्हटलं नाही, त्यानंही बदलली नाही. वाळवलेल्या विरजणाची पुडी त्यानं माझ्या हातात दिली, नीट शिवलेली, दोन्ही जाती एकत्र मुरवलेली. मग तो दारात बसून चपला घालायला लागला.

इतके दिवस विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. "निनाद, तू मागून येणार ना?"

तो उठला. किल्ल्या खिशात आहेत का ते चाचपून बघितलं, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकता टाकता म्हणाला, "येतो."

मी ते ऐकलं आणि तिथेच उभी राहिले. येतो. मी विचारलं त्याचं उत्तर म्हणून येतो, की घराबाहेर पडताना जातो म्हणू नये म्हणून येतो? शब्द तोच, आवाज तोच. मी एवढी असामान्य, आणि मला माझ्या नवऱ्याचा एक शब्द लावता येईना. हाक मारून विचारावं म्हटलं, तर काय विचारायचं तेही सुचेना.

जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गेला. मी दार उघडंच ठेवलं, आणि पप्पांची गाडी येईपर्यंत बॅगेवर बसून राहिले.